काळजी परतीच्या वाटेची

पत्र (थोडे संक्षिप्त करून):

आम्ही देवगड तालुक्यात राहतो. घरची हापूसची कलमे आहेत. मुलगी सोळा वर्षांची असून कणकवलीला अकरावी सायन्सला शिकते. येत्या जानेवारीत एका शनिवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम आहे आणि तिला तो वर्गमैत्रिणीबरोबर पाहायचा आहे. तिकिटाचे पैसे तिने मे महिन्यात आमच्याच आंब्याच्या पेट्या भरून साठवले आहेत. यजमान ‘नाही म्हणजे नाही’ एवढेच म्हणाले. जानेवारीत मोहोर असतो, त्यामुळे फवारणी सोडून आम्हां दोघांपैकी कोणालाही बरोबर जाता येणार नाही. माझा धाकटा भाऊ कामोठ्याला राहतो, परंतु त्याचे आणि यजमानांचे दोन वर्षांपासून बोलणे नाही. मुलगी म्हणते, दादा मोटरसायकलवरून आंगणेवाडीच्या जत्रेला जातो आणि पहाटे तीनला परत येतो, त्याला कोणी काही विचारत नाही. दोन दिवस ती धड जेवलेली नाही. मला भीतीही वाटते आणि तिचे म्हणणेही पटते. मी काय करावे?
– एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

जेवणाची चिंता आधी बाजूला ठेवू. सोळाव्या वर्षीचे उपोषण फार दिवस टिकत नाही, आणि घरात ताजे बांगडे आले तर दुसऱ्या दिवसाच्या पुढे जातच नाही. ती जेवली म्हणजे तिने हट्ट सोडला, असा मात्र अर्थ काढू नका.

माझे मत स्पष्ट सांगतो. मुलीला जाऊ द्यावे; मात्र कार्यक्रम संपल्यापासून ती तुमच्या भावाच्या घरात पाऊल ठेवीपर्यंतचा प्रत्येक टप्पा आधी ठरलेला असेल, तरच. तुमच्या पत्रातील भीती स्टेडियमच्या आतल्या गोष्टींविषयी आहे, असे मला वाचताना वाटले. पत्राच्या शेवटी तुम्ही संगीत, कपडे आणि दारू यांचा एका ओळीत उल्लेख केला आहे. ती ओळ वर छापलेली नाही, पण तिचे उत्तर थोडक्यात देतो. संगीताने कोणाचे वाटोळे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कपड्यांचे मायलेकींनी घरी ठरवावे. आणि महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, हे तुमच्या मुलीला कदाचित तुमच्याआधीच ठाऊक असेल. खरी काळजी करण्याजोगी जागा वेगळी आहे, आणि ती मला स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे.

एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत आले होते. सात तारखेला, सोमवारी, ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम होता. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. रत्नागिरीहून मी आणि माझा वर्गमित्र असे दोघे निघालो आणि घरी सांगितले, की परळला मावशीकडे चाललो आहोत. कार्यक्रमाविषयी लिहीत बसलो तर हे सदर पुरणार नाही. ढोलाचा ठोका कानांआधी छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. शिमग्यात ढोलाशेजारी उभे राहूनही तो अनुभव इतका आला नव्हता. अडचण सुरू झाली ती शेवटचे गाणे संपल्यावर. दारापाशी लोंढा एवढा होता, की मित्राचा हात सुटला आणि माझी एक चप्पलही गेली. रात्री अकराच्या सुमारास सुटणाऱ्या कोकणकन्येची आमची दोन्ही तिकिटे त्याच्या शर्टाच्या खिशात होती. मोबाइल आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. मी एका दारापाशी तासभर उभा राहिलो, तो दुसऱ्या दारापाशी उभा राहिला. शेवटी एका चपलेवर चालत मी व्हीटीला पोहोचलो, तेव्हा तो फलाटावर डोके धरून बसला होता आणि गाडी केव्हाच निघून गेली होती. रात्र आम्ही फलाटावर काढली आणि सकाळी मांडवीच्या जनरल डब्यात दरवाजाजवळ उभे राहून रत्नागिरी गाठली. कानांत रातकिडे किरकिरावेत तसा आवाज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत होता.

यातली चप्पल, गाडी आणि कान हे सगळे मी आज हसून सांगतो. त्या रात्री आम्ही हरवलो आहोत हे जगात कोणालाही माहीत नव्हते, ही एक गोष्ट मात्र हसून सांगता येत नाही. मावशीला वाटत होते मुले रत्नागिरीला आहेत, आईला वाटत होते मुले परळला झोपली आहेत. आमच्यापैकी एकाला काही झाले असते, तर कोणत्याही घराने दुसऱ्या दिवसापर्यंत शोध सुरू केला नसता. तुमची मुलगी तुमच्याशी भांडते आहे आणि खरे सांगून परवानगी मागते आहे, याची किंमत तुमच्या यजमानांना कळावी, म्हणून हे एवढे लांबलचक सांगितले. ठाम नकार मिळालेली मुले नेहमी घरीच थांबतात असे नाही. आमच्यासारखी काही मुले एखादी मावशी शोधून काढतात.

आता गर्दीविषयी. सिनसिनाटी शहरात ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाला आलेल्या ११ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. ते सभागृहाच्या आत नव्हते. दारे उघडण्याची वाट पाहणाऱ्या बाहेरच्या गर्दीत होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या विजयाचा समारंभ होता, तेथेही ११ जण गेले, आणि तेही प्रवेशद्वारांबाहेरच. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा बळी गेला, तेव्हा तर कोणताही कार्यक्रम नव्हता. सकाळची वेळ, पाऊस आणि अरुंद जिना एवढ्यानेच घात केला. अशा गर्दीत बहुतेक माणसे तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्याउभ्या दाबाने त्यांचा श्वास बंद होतो. आणि मागून रेटणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नसल्यामुळे तो रेटतच राहतो. म्हणून जपायचे ते दार, जिना आणि पूल यांना. याला एकच ठळक अपवाद मंचासमोरच्या उभ्या गर्दीचा. डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’चे वादन चालू असताना ९ तरुण अशाच गर्दीत दगावले. तेव्हा मुलींनी मैदानातील उभ्याचे तिकीट न घेता गॅलरीतील क्रमांकाच्या खुर्चीचे तिकीट घ्यावे, ही माझी पहिली अट. मुलगी म्हणेल की तेथून गायक मुंगीएवढा दिसतो. ते खरेच आहे. त्यासाठी मोठे पडदे असतात, आणि आवाज तर सगळीकडे पुरून उरतो.

गर्दीत कसे वागावे हे कोकणातल्या मुलीला अगदी पहिल्यापासून शिकवावे लागत नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत तुम्ही तिला लहानपणापासून नेले असेल, आणि तेथे पोहोचल्याबरोबर ‘चुकलीस तर अमुक ठिकाणी येऊन उभी राहा, इकडेतिकडे शोधत फिरू नको’ असे बजावले असेल. हीच गोष्ट मी आणि माझ्या मित्राने ब्रेबॉर्नवर केली नाही. दोघींनी आत शिरण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात बाहेरची एक जागा नक्की करावी: आपल्या दाराचा क्रमांक, त्याजवळचा एखादा ठळक खांब किंवा फलक. ‘फोन करू’ यावर विसंबू नये. डी. वाय. पाटील स्टेडियमची क्षमता सुमारे ५५ हजार आहे, आणि कार्यक्रम सुटल्यावर इतकी माणसे एकाच वेळी घरी फोन लावू लागली की कोणाचाच फोन लागत नाही. साधा लघुसंदेश त्यातल्या त्यात पोहोचतो. मामाचा आणि तुमचा नंबर कागदावर लिहून दोघींच्या खिशात वेगवेगळा ठेवावा, कारण हल्ली मुलांना स्वतःच्या आईचा नंबरही पाठ नसतो. दाटी झालीच तर दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासाला जागा ठेवावी, लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरके तिरके सरकत कडेला यावे, आणि खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. चप्पल गेली तर गेली, असे मी अनुभवाने सांगतो. पण चप्पल मुळात घालूच नये, पट्टीचे बूट घालावेत.

सर्वांत उपयोगी युक्ती सर्वांत साधी आहे. शेवटचे गाणे संपले की दोघींनी खुर्चीवरच अर्धा तास बसून राहावे. गर्दी आपोआप ओसरते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला असतो, तो भाग निराळा. त्यामुळे सहसा दहापर्यंत सारे आटोपते. म्हणजे साडेदहाला त्या शांतपणे बाहेर पडतील.

येथे तुमच्या भावाचे घर उपयोगी पडते, आणि ते इतके सोयीच्या जागी आहे, की पत्र वाचताना मी मनातल्या मनात हार्बर मार्गावरची स्थानके मोजली. नेरूळहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सीवूड्स, बेलापूर, खारघर आणि मग मानसरोवर, म्हणजेच कामोठ्याचे स्थानक. चौथे स्थानक. दादरला किंवा ठाण्याला जाण्याची काहीच गरज नाही. भावाने कार्यक्रमाचे तिकीट काढण्याचेही कारण नाही. मामा शेजारी बसून टाळ्या वाजवतो आहे हे मुलींनाही नको असेल आणि मामालाही. साडेदहा वाजता ठरलेल्या खांबापाशी त्याने उभे राहावे, एवढेच त्याचे काम. स्टेडियमसमोरचा महामार्ग ओलांडून स्थानकाकडे जाणे, खच्चून भरलेल्या लोकलमध्ये चढणे आणि उतरल्यावर घरापर्यंतची रिक्षा, हे तीन टप्पे त्याच्या सोबतीने झाले की तुमची नव्वद टक्के काळजी मिटली. मध्यरात्रीनंतर पनवेलला येणारी तुतारी एक्सप्रेस पकडून त्याच रात्री परतण्याचा बेत मुलींच्या डोक्यात असेल, तर तो मात्र मोडून काढा. दमलेल्या दोन मुलींनी पनवेलच्या फलाटावर दीड-दोन तास बसून राहण्याजोगे त्या बेतात काहीही नाही. शुक्रवारी मांडवीने कणकवलीहून निघून संध्याकाळी पनवेल, रविवारी सकाळच्या मांडवीने परत, आणि दुपारनंतर कणकवली. महाविद्यालय एक दिवस बुडेल. ते भरून निघते.

राहिला अबोला. तुम्ही कारण लिहिलेले नाही आणि मला ते विचारायचेही नाही. परंतु यजमानांच्या ‘नाही म्हणजे नाही’ मधले अर्धे ‘नाही’ रॉक संगीताला आणि अर्धे मेहुण्याकडे उपकार मागण्याला असावे, अशी शंका मला आल्यावाचून राहिली नाही. तसे असेल तर मुलीला मध्ये घालू नका. ‘मामाला तूच फोन कर’ असे सांगून तिला दोन मोठ्या माणसांमधला साकव करणे अन्यायाचे होईल. फोन तुम्ही करावा. तो तुमचा भाऊ आहे, आणि भाचीला रात्री स्थानकावरून घरी आणणे हा उपकार नसून मामाचे कामच आहे, असे आपल्याकडे आजही मानतात. मात्र फोन करण्यापूर्वी ‘मी करणार आहे’ एवढे यजमानांच्या कानावर घालावे. त्यांची परवानगी मागितल्यासारखे नको, आणि त्यांच्यामागून केल्यासारखेही नको. कार्यक्रमाच्या निमित्ताने दोघांचे बोलणे सुरू होईल अशी आशा मनात धरू नका. झाले तर झाले. ह्या शनिवारपुरते मामा आणि भाची यांचे नाते पुरेसे आहे.

यजमानांशी बोलताना ‘जाऊ द्या हो तिला’ अशी विनवणी केलीत, तर उत्तर पुन्हा तेच मिळेल. त्यांच्यापुढे कागद ठेवा: गाडी, खुर्चीचा क्रमांक, दाराचा क्रमांक, साडेदहा, मानसरोवर, मांडवी. बागायतदार माणूस फवारणीचे वेळापत्रक महिनाभर आधी आखतो आणि ढग आले तर काय करायचे तेही ठरवून ठेवतो; आखलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेल. हा कागद मुलीने स्वतः तयार करावा. तिला तो करता आला नाही, तर ती अजून तयार नाही असे समजायला तुम्ही मोकळ्या आहात. आणि मोठ्या मुलाचा विषय तिने काढलाच आहे, तर तिचे म्हणणे बरोबर आहे हे मान्य करा. रात्री तीन वाजता, झोप डोळ्यांवर असताना, मोटरसायकलवरून वळणावळणाच्या रस्त्याने परतणे हे क्रमांकाच्या खुर्चीवर बसून गाणी ऐकण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. मुलीला अडवून तोल साधण्यापेक्षा मुलाला ‘येताना गाडी कोण चालवणार, तुझ्या डोक्यावर हेल्मेट आहे का’ असे विचारायला सुरुवात करणे अधिक न्यायाचे, आणि ते यजमानांनी विचारावे.

मैत्रिणीच्या आईशी स्वतः बोला. मुलीमार्फत निरोप पाठवू नका. ‘तिच्या घरून हो म्हणालेत’ असे दोन्ही मुली आपापल्या घरी एकाच वेळी सांगतात आणि प्रत्यक्षात कोणत्याच घरून कोणी हो म्हणालेले नसते, ही युक्ती माझ्या पिढीत होती आणि आजही असणार. दोघींमध्ये एक करार मात्र हवा: एकीला बरे वाटेनासे झाले तर दोघी उठायचे, मग आवडते गाणे राहिले तरी चालेल. प्रत्येकीचे तिकीट, ओळखपत्र आणि परतीचे पैसे तिच्या स्वतःच्या जवळ असावेत. का, ते वर आलेच आहे.

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम याच स्टेडियमवर झाले, तेव्हा सर्वसाधारण विक्रीत सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचे होते, आणि विक्री संपताच तीच तिकिटे काळ्या बाजारात कित्येक पटींनी विकायला निघाली. इन्स्टाग्रामवर ‘दोन जास्तीची आहेत’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. पेट्या भरून मिळवलेले पैसे असे जाण्यासारखे दुःख नाही. सोळा वर्षांच्या मुलांना एकटे सोडतात की नाही हे प्रत्येक कार्यक्रमाच्या अटींमध्ये वेगळे असते, म्हणून ते तिकीट काढण्याआधी वाचावे. तेथे मोठ्या माणसाची सोबत बंधनकारक असेल, तर वर लिहिलेला सगळा बेत बदलून मामाला आतही जावे लागेल.

कानांचे तेवढे विसरू नका. पंच्याऐंशी डेसिबल आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते, आणि शंभर डेसिबलला ती फक्त पंधरा मिनिटांवर येते. रॉक कार्यक्रमात आवाज त्या पातळीला सहज जातो. औषधांच्या दुकानात फोमची कानात घालायची बोंडे अगदी थोड्या पैशांत मिळतात. बोटांनी पिळून बारीक करायची, कानात सरकवायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. गाणे त्यातूनही व्यवस्थित ऐकू येते. कापसाचा बोळा त्या कामाचा नाही. कार्यक्रमानंतर कानांतली किणकिण एक-दोन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

बाकीच्या गोष्टी तुम्हांला माझ्यापेक्षा चांगल्या कळतात: दुपारी पोटभर जेवूनच निघणे, पाळीची तारीख पाहून पिशवीत लागेल ते ठेवणे, आत पाण्याची बाटली किंवा पॉवर बँक नेऊ देतात का ते आधी पाहणे. मांडवीचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि शनिवार-रविवारच्या आसपासच्या जागा लवकर भरतात. म्हणून भावाला फोन आधी करा, आरक्षण त्यानंतर, आणि कार्यक्रमाचे तिकीट सर्वांत शेवटी.